सीझर लिफ्ट : सगळा जोर पहिल्या वितीत

पिनबुश

सीझर लिफ्ट, म्हणजे फुल्याफुल्यांच्या सांगाड्यावर माणसं किंवा माल उचलणारं यंत्र, वर जाताना जवळ उभे राहिला असाल तर आवाजातला फरक कानाला जाणवला असेल. बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद मोटर अक्षरशः कण्हते. प्लॅटफॉर्म जरा वर आला की तिचा सूर मोकळा होतो. वजन तेवढंच, माणसं तेवढीच, तेलही तेच. मग जमिनीलगत असतानाच एवढा जीव का जातो? या प्रश्नाचं उत्तर लागलं की या यंत्राच्या निम्म्या खोडी आपोआप कळतात, म्हणून धागा इथूनच सुरू करतो.

रचना साधी आहे. दोन पट्ट्या मधोमध पिनने जोडल्या की एक फुली होते. ही एक फुली म्हणजे एक टप्पा. फुलीवर फुली चढवत गेलं की जाळीचं सरकतं गेट उभं करून ठेवल्यासारखा सांगाडा तयार होतो. सगळ्यात खालच्या फुलीचं एक टोक तळाच्या फ्रेमला पिनने पक्कं असतं आणि दुसरं टोक रोलरवर, चॅनलमध्ये पुढंमागं सरकणारं. वर प्लॅटफॉर्मखालीही हेच. पक्क्या पिनच्या बरोबर वर पक्की पिन, रोलरच्या वर रोलर. त्यामुळे प्लॅटफॉर्म तळाला समांतर राहून सरळ वर जातो, आडवा सरकत नाही.

आता कोन बघा. पट्टीची लांबी L, ती आडव्या रेषेशी θ इतका कोन करते आणि टप्पे n. उंची झाली n × L × sinθ. खालच्या रोलरला आत ढकलणारा, तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर अगदी आडवा ठेवला, तर त्याला लागणारा जोर म्हणजे वजन × n × cotθ. एकच टप्पा आणि वर ५०० किलो धरा. कोन ६० अंश असेल तर जेमतेम २९० किलोंचा जोर पुरतो. ४५ अंशांना बरोबर ५००. ३० अंशांना साधारण ८७०. आणि लिफ्ट मिटलेली, कोन फक्त ६ अंश असताना? पावणेपाच टन!

म्हणजे सिलिंडर, पंप आणि पिना निवडताना सगळ्यात वरची अवस्था नव्हे, सगळ्यात खालची धरावी लागते. पट्ट्या पूर्ण आडव्या झाल्या तर कितीही जोर लावा, त्या उचलल्याच जाणार नाहीत. म्हणून कोणतीही सीझर लिफ्ट शून्य अंशापर्यंत मिटत नाही, आधीच टेकणीवर टेकते.

प्रत्यक्षात सिलिंडर आडवा ठेवतही नाहीत. दोन पट्ट्यांच्या मध्ये तिरका बसवतात, म्हणजे सुरुवातीलाच त्याला थोडी वर उचलायची दिशा मिळते. तो कुठल्या पट्टीला, पिनपासून किती अंतरावर अडकवायचा, यावर कारखान्यांची डोकी सगळ्यात जास्त खर्ची पडतात.

निळी_शाई

छान समजावलंत. एक शंका आहे. टप्पे वाढवले की पट्ट्या आखूड होतात, काम वाटलं जातं, मग जोर कमी लागायला हवा ना? तुमच्या सूत्रात तर n वाढला की जोर वाढतोय.

कोनमापक

निळी_शाई, वाढतोच. ताकदीचा हिशेब करण्यापेक्षा कामाचा हिशेब करून बघा. वजन × चढलेली उंची म्हणजे एकूण काम, आणि ते सिलिंडरच्या जोर × सरकण्याएवढंच असणार (घर्षण तूर्त बाजूला). तीन टप्प्यांच्या लिफ्टमध्ये रोलर एक सेंटीमीटर आत आला की प्लॅटफॉर्म एका टप्प्याच्या लिफ्टच्या तिप्पट चढतो. उंची तिप्पट मिळाली, तर जोरही तिप्पट मोजावा लागणार. फुकट काही मिळत नाही.

टप्पे वाढवतात ते जोर वाचवायला नाही, जागा वाचवायला. पट्टीची लांबी यंत्राच्या लांबीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. १.८ मीटरच्या पट्ट्या, चार टप्पे, ६० अंश घेतले तर ६.२ मीटर उंची मिळते. तेवढी उंची एकाच टप्प्यात हवी असेल तर सात मीटरहून लांब पट्टी लागेल. असं यंत्र दारातून आत कसं नेणार?

आणखी एक भर. पट्ट्यांचं स्वतःचं वजनही उचलावं लागतं, पण निम्मंच धरायचं, कारण त्यांचा गुरुत्वमध्य प्लॅटफॉर्मच्या निम्म्या वेगानं वर चढतो. मोठ्या लिफ्टमध्ये हे निम्मं वजनही वरच्या माणसांपेक्षा जास्त भरतं.

बॉयलरसूट

पिनबुश यांनी गणित दिलं, मी तेलाची बाजू टंकतो.

बहुतेक सीझर लिफ्टचा सिलिंडर एकमार्गी असतो. म्हणजे तेल फक्त वर ढकलायला. खाली येताना मोटर चालतच नाही. एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह उघडतो आणि वरचं वजनच तेलाला टाकीत परत पाठवतं. किती वेगानं पाठवायचं ते फ्लो कंट्रोल ठरवतो. ८० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर आणि १६० बार दाब म्हणजे साधारण आठ टन जोर. पिनबुश म्हणतात ते पावणेपाच टन त्यात आरामात बसतात.

खाली यायला मोटर लागत नाही, याचा मोठा फायदा म्हणजे वर असताना बॅटरी मेली तरी माणूस अडकत नाही. तळाच्या फ्रेमवर इमर्जन्सी लोअरिंगचा नॉब किंवा खेचायची वायर असते. फक्त ती कुठं आहे हे खाली उभ्या असलेल्या माणसाला माहीत पाहिजे. मी बघितलंय, वर जाणाऱ्याला सगळं शिकवलेलं असतं आणि खालचा मोबाइल बघत बसलेला असतो.

"होज (तेलाची नळी) फुटला तर?" हा प्रश्न हमखास येतो. सिलिंडरच्या तोंडातच, होजच्या आधी, एक छोटा व्हॉल्व्ह घट्ट बसवलेला असतो. तेल ठरावीक वेगापेक्षा जोरात बाहेर पळायला लागलं की तो आपोआप बंद होतो आणि प्लॅटफॉर्म आहे तिथे थांबतो. हा व्हॉल्व्ह होजच्या दुसऱ्या टोकाला लावला तर त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण मग फुटलेला होज त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये येतो. जुनी लिफ्ट कुणी दुरुस्त करून दिली असेल तर ही जागा स्वतः वाकून बघा.

सावळागोंधळ

वाचनखूण साठवली!

पण एक कळलं नाही. आमच्याकडच्या लिफ्टला ओव्हरलोडचा अलार्म आहे. तो तेलाच्या दाबावरून चालतो असं सांगितलं होतं. वरच्या हिशेबानं तेच वजन असताना खाली दाब प्रचंड आणि वर कमी. मग यंत्राला वजन कळतं कसं?

पिनबुश

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. नुसत्या दाबावरून कळूच शकत नाही. १५० किलो घेऊन खाली असताना जेवढा दाब येईल तेवढाच दाब ४०० किलो घेऊन वर असताना येऊ शकतो. म्हणून दाबाच्या सेन्सरबरोबर कोनाचा किंवा उंचीचा सेन्सर लागतो. कंट्रोलरच्या मेमरीत रिकाम्या आणि पूर्ण भरलेल्या लिफ्टचे प्रत्येक उंचीवरचे दाब साठवलेले असतात आणि तो सतत तुलना करत राहतो.

यातही गोम आहे. पिनांमधल्या आणि सीलच्या घर्षणामुळे वर जाताना दाब थोडा जास्त दिसतो, खाली येऊन थांबल्यावर थोडा कमी. बुश (पिनांभोवतीची नळकांडी) बदलले, सिलिंडर बदलला की ही सगळी मोजणी नव्यानं करून घ्यावी लागते. ती न केल्यामुळे "रिकाम्या लिफ्टला ओव्हरलोड दाखवतोय" अशी तक्रार येते, आणि मग कुणीतरी हुशार माणूस सेन्सरची वायर काढून ठेवतो. त्यापेक्षा लिफ्ट बंद ठेवलेली परवडली. काही कारखाने हा घोळ टाळायला प्लॅटफॉर्मखालीच वजन मोजणाऱ्या पिना बसवतात. महाग पडतं, पण माझं मत त्यांच्या बाजूनं.

गोदामकर

आम्ही वापरणारे लोक, गणितातलं कळत नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

सगळ्यात जास्त दिसणारी लिफ्ट म्हणजे १९ फुटी इलेक्ट्रिक. प्लॅटफॉर्म ५.८ मीटरच्या आसपास, माणसाचा हात धरून कामाची उंची पावणेआठ मीटर. रुंदी जेमतेम पाऊण मीटर, म्हणून साध्या दारातून आणि रॅकच्या गल्लीतून जाते. वर सव्वादोनशे किलो चालतात. सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, म्हणजे २४ व्होल्ट. फॉल्स सीलिंग, डक्ट, स्प्रिंकलरची पाइपलाइन, दिवे बदलणं, सगळं हिच्यावर होतं. परांची बांधायला लागणारा वेळ वाचतो आणि शिडीवर एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ड्रिल मारायची कसरत संपते.

प्लॅटफॉर्मचा पुढचा भाग साधारण ९० सेंटीमीटर बाहेर सरकतो. त्यावर मात्र पूर्ण सव्वादोनशे किलो नाही, साधारण निम्मेच. हे पाटीवर लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

माणसं बघतात ते वरचं वजन. खालचं कुणी विचारत नाही. या चिमुकल्या दिसणाऱ्या यंत्राचं स्वतःचं वजन सव्वा ते दीड टन असतं! ते मुद्दामच तसं असतं, तळ जड असल्याशिवाय ती उभीच राहणार नाही. पण मेझनाइनवर (पोटमाळ्यावर) किंवा उचललेल्या खोट्या फ्लोअरवर नेताना हे वजन चार छोट्या भरीव चाकांवर येतं, आणि ते चार सारखे भागही होत नाहीत. दोघं एका कोपऱ्यात गेले की एकाच चाकावर एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भार येऊ शकतो. मॅन्युअलमध्ये एका चाकाचा जास्तीत जास्त भार दिलेला असतो. स्लॅब करणाऱ्या इंजिनिअरला तो आकडा द्या, एकूण वजन नको.

उंबरठा

गोदामकर, लिफ्ट वर गेली की चाकांच्या मध्ये खाली पट्ट्या उतरतात त्या कशासाठी? मला वाटायचं धूळ अडवायला.

गोदामकर

अहो, धूळ कसली! त्या खड्ड्यासाठी. उंच गेलेली लिफ्ट हळूहळू चालवत असताना एक चाक ड्रेनच्या झाकणात किंवा खाचेत गेलं, तर त्या पट्ट्या जमिनीवर टेकतात आणि यंत्र काही सेंटीमीटरच्या वर कलत नाही. त्या खाली येऊन जमिनीपासून बोटभर उंचीवर थांबतात. खाली लाकडाचा तुकडा, वायरचं भेंडोळं पडलेलं असलं तर पट्टी पूर्ण उतरत नाही आणि यंत्र वर असताना पुढं चालायला नकार देतं. नवीन माणसाला वाटतं मशीन बिघडलं. आधी खाली वाकून बघायचं, मग मेकॅनिकला फोन करायचा.

कोनमापक

कलण्याचा आकडा मांडून बघू. प्लॅटफॉर्म ६ मीटरवर आहे आणि तळ फक्त २ अंश कलला. वरचं टोक बाजूला गेलं २१ सेंटीमीटर. यंत्राची रुंदीच ७६, म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंत ३८. पूर्ण गुरुत्वमध्य काही एवढा सरकत नाही, जड तळ खालीच असतो, पण हा हिशेब कुठं चाललाय ते लक्षात आलं असेल. म्हणून अशा अरुंद लिफ्टचा टिल्ट सेन्सर बाजूला दीड अंश आणि पुढंमागं तीन अंश इतक्यावरच ओरडतो, आणि वर जाणं बंद करतो. उंच असताना वेगही ताशी एक किलोमीटरच्या आतच ठेवलेला असतो.

निळी_शाई

म्हणजे ही फक्त आतल्या कामाची का? रस्त्याच्या कडेला मोठ्या डिझेलच्या बघितल्या आहेत.

बॉयलरसूट

त्या रफ टेरेनवाल्या, खडबडीत जमिनीवरच्या. रुंद तळ, मोठे टायर, चारही चाकांना ताकद, बऱ्याच मॉडेलना आपोआप लेव्हल होणारे पाय. काही ३० मीटरच्याही वर जातात. त्यांच्यावर ढीगभर सामान घेऊन चार-चार माणसं काम करतात.

छोटीही काही वेळा बाहेर चालते, पण पाटी नीट वाचायची. एकाच यंत्रावर आत दोन माणसं आणि बाहेर एकच, असं लिहिलेलं असतं. कारण वारा. बाहेरच्या वापरासाठी मर्यादा असते सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. काही मॉडेल तर फक्त शून्य वाऱ्यासाठीच मंजूर असतात. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट. त्यात रेलिंगला बॅनर बांधला किंवा हातात प्लायवूडची शीट धरली की झालं शिडाचं जहाज.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या नोट्र डेम विद्यापीठात फुटबॉलचा सराव चित्रित करणारा एक विद्यार्थी सीझर लिफ्ट कोसळून गेला. त्या दिवशी वाऱ्याचे झोत ताशी ८० किलोमीटरच्या वर होते. जमिनीवर उभं राहून वारा "ठीकच आहे" वाटतो, वर तो तसा नसतो. वाऱ्याचा वेग प्लॅटफॉर्मच्या उंचीवर मोजायचा. हातात धरायचा छोटा वारामापक मिळतो, तो वर जाणाऱ्याच्या खिशात असलेला बरा.

सावळागोंधळ

भयंकर आहे.

मग वर हार्नेस (पडू नये म्हणून अंगावर घालायचा पट्टा) बांधायचाच ना? यावर आमच्याकडे कायम वाद होतात.

बॉयलरसूट

वाद सगळीकडेच आहे. अमेरिकेत ओशा ही कामगार सुरक्षेची सरकारी संस्था सीझर लिफ्टला चाकांवरच्या परांचीत मोजते, आणि रेलिंग धड असेल तर तेच पडण्यापासूनचं संरक्षण मानते. बूम लिफ्टला मात्र हार्नेस हवाच, कारण तिचा लांब हात गचका बसला की आतल्या माणसाला गोफणीसारखा बाहेर भिरकावतो. सीझरमध्ये तसं होत नाही. पण कंपनीचा किंवा साइटचा नियम कडक असला तर तोच पाळायचा. बांधायचाच असेल तर आखूड पट्टा, कारखान्यानं दिलेल्या कडीलाच. लांब दोरी बांधून रेलिंगपलीकडे पडलेला माणूस लटकला तर त्याच्या झटक्यानं लिफ्टच कलू शकते.

आणि हार्नेसवर तासभर भांडणारे लोक मधल्या रेलवर पाय ठेवून उंची वाढवताना मी बघितलेत. वीतभर उंची कमी पडली की मोठी लिफ्ट आणा, रेलिंगवर चढू नका.

दुसरी भीती डोक्यावरची. वर बघत, डक्टच्या कडेनं चढताना बीम आणि रेलिंगच्या मध्ये माणूस चिरडतो. हे पडण्याइतकंच गंभीर आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

उंबरठा

खूप माहिती मिळतेय. माणसं उचलण्यापलीकडे या फुलीचा वापर कुठे होतो?

पिनबुश

अहो, माणसांची लिफ्ट हा तर या कुटुंबातला एक धाकटा भाऊ.

विमानतळावर जेवण चढवणारा ट्रक आठवा. मागची पेटीच्या पेटी फुलीवर वर जाते आणि दाराला लागते. ए ३८० च्या वरच्या मजल्याचं दार जमिनीपासून आठेक मीटरवर, तिथंही असाच ट्रक लागतो. आधी जॅक जमिनीवर टेकवायचे, मग पेटी उचलायची. व्हीलचेअरवरच्या प्रवाशांना विमानात चढवणारी गाडीही याच तत्त्वाची. मालाचे कंटेनर चढवणारा लोडर तसाच.

गॅरेजमध्ये जमिनीत बसवलेली गाडी उचलायची लिफ्ट बघितली असेल. तिथं डावी-उजवी अशा दोन वेगळ्या फुल्या असतात आणि त्या एका पातळीत चढाव्या लागतात. शिवाय चढताना जो टक-टक आवाज येतो तो दातेरी पट्टीत अडकत जाणाऱ्या खिट्टीचा. तेल गेलं तरी गाडी त्या दातावर बसते. गाडीखाली जाणाऱ्यानं तेलावर नाही, त्या दातावर विसंबायचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती बिनविजेची स्प्रिंगवाली. पॅलेटवर खोके रचलेले असतात, वरचे काढत गेलं की वजन हलकं होतं आणि टेबल आपोआप तेवढंच वर येतं. काम करणाऱ्याच्या कंबरेशी खोका कायम एकाच उंचीला. ना मोटर, ना तेल, ना सेन्सर.

हातानं ओढायच्या पॅलेट ट्रकचीही उंच जाणारी जात आहे, ८०० मिमीपर्यंत. तो वर जायला लागला की पुढून दोन पाय जमिनीवर टेकतात आणि ट्रक हलेनासा होतो. भरलेलं पॅलेट उंच धरून कुणी पळू नये म्हणून केलेली ती सोय आहे, बिघाड नव्हे.

कोनमापक

अवांतर: फुल्यांच्या या जोडणीवर आधारलेलं चित्रं लहानमोठी करायचं पँटोग्राफ हे साधन क्रिस्टोफ शायनर या जर्मन जेझुइटानं १६०३ मध्ये केलं. चारशे वर्षांत फरक पडला तो मुख्यतः जोर कशानं लावायचा यात. स्क्रू, हवा, तेल, आणि आता काही नव्या लिफ्टमध्ये पुन्हा स्क्रू. तेल पूर्ण काढून विजेवर चालणारे स्क्रू बसवतात. खाली येताना मोटर उलटी फिरून बॅटरीत थोडी वीज परत घालते, आणि फरशीवर तेलाचा थेंब नाही. हॉस्पिटल, सर्व्हर रूम अशा ठिकाणी हाच मोठा मुद्दा ठरतो.

गोदामकर

धाग्यावर तज्ज्ञ आहेत तोवर विचारून घेतो. आमचं डॉकवरचं लिफ्ट टेबल संध्याकाळी मीटरभर उंचीवर माल ठेवून सोडलं की सकाळी दीड-दोन सेंटीमीटर खाली बसलेलं असतं. फरशीवर तेल नाही. सील बदलायचे का?

बॉयलरसूट

थांबा, एवढ्यात सिलिंडर खोलू नका. दिवसभर चालून तेल गरम झालेलं असतं. ते ३० अंशांनी थंड झालं की त्याचं आकारमान साधारण २ टक्क्यांनी घटतं. मीटरभर उंचीवर दीड-दोन सेंटीमीटर म्हणजे जवळपास तेवढंच. यात बिघाड काही नाही.

खात्री करायची असेल तर सकाळी, तेल गार असताना, तोच माल घेऊन तेवढ्याच उंचीला न्या आणि सिलिंडरच्या रॉडवर मार्करनं बारीक रेघ मारा. दोन-तीन तास हात लावू नका. रेघ जागेवर राहिली तर प्रश्न मिटला. सरकली आणि बाहेर तेल दिसत नसेल तर बहुतेक वेळा लोअरिंग व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो आणि तो पूर्ण मिटत नाही. तो काढून धुवा, टाकीतला फिल्टर बघा. सीलचा नंबर त्यानंतर.

आणि यातलं काहीही करायला टेबलाखाली हात घालण्याआधी माल उतरवा आणि मेंटेनन्सचा आधारदांडा लावून टेबल त्यावर टेकवा. व्हॉल्व्ह सैल केला की तेलाला परतीची वाट मोकळी होते, तेव्हा पट्ट्या मिटायला वेळ लागत नाही. दांडा हरवला असेल तर आधी तो मागवा, तोपर्यंत दीड सेंटीमीटर बसू द्या.